शेअरची बटणं लावताना: नव्या ब्लॉगलेखकांसाठी

ब्लॉगरवर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर ब्लॉग सुरू केला, चार-दोन लेख टाकले, की हमखास प्रश्न येतो: लेखाखाली ती व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकची बटणं कशी लावायची? आजवर बऱ्याच जणांच्या ब्लॉगमध्ये मी ही बटणं बसवून दिली आहेत. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमचा ब्लॉग दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे, त्यामुळे तिथे काय चालेल हे ती सेवा ठरवते. ब्लॉगर तुम्हाला थीमचा, म्हणजे ब्लॉगच्या रंगरूपाच्या साच्याचा, पूर्ण एचटीएमएल कोड उघडून देतो, त्यात स्क्रिप्टही (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) चालते. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत ब्लॉगवर मात्र स्क्रिप्टचा टॅग जतन करतानाच गाळला जातो. इंटरनेटवरून उचललेला कोड तिथे चिकटवला आणि पान उघडल्यावर काहीच दिसलं नाही, तर तुमचं काही चुकलेलं नसतं. तिथे तो चालणारच नव्हता.

म्हणून सुरुवात घरात काय तयार आहे ते पाहून करावी. ब्लॉगरमध्ये लेआउट उघडा, ‘ब्लॉग पोस्ट्स’ या गॅजेटच्या पेन्सिलवर टिचकी मारा. आतल्या यादीत शेअरची बटणं दाखवण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करून जतन करा. वर्डप्रेस डॉट कॉमकडे शेअरिंगची स्वतःची सोय आहे, कुठली बटणं हवीत ते तिथे निवडता येतं. अनेकांचं काम इथेच भागतं, आणि भागत असेल तर पुढच्या खटाटोपात पडू नका असंच मी सांगतो.

भागत नाही ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपपाशी. मराठी लेख वाचणारा माणूस तो पुढे पाठवणार म्हणजे मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ब्लॉगरच्या तयार यादीत त्याचं वेगळं बटण नसतं. मग लोक शोध घेतात आणि ‘एक ओळ चिकटवा, पन्नास बटणं मिळवा’ अशा एखाद्या सेवेपाशी पोचतात. त्या वाटेला जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. अ‍ॅडधिस ही या प्रकारातली सर्वांत परिचित सेवा. असंख्य संकेतस्थळांवर तिची बटणं होती. ३१ मे २०२३ ला ती बंद झाली आणि ती बटणं एकाच वेळी निकामी झाली. शिवाय अशी सेवा तुमच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये स्वतःची स्क्रिप्ट चालवते. पान जड होतं, आणि वाचकाने बटण दाबलं नाही तरी त्याची माहिती तिसऱ्याकडे जाऊ शकते. फेसबुकच्या ‘लाइक’ बटणाबद्दल युरोपीय न्यायालयाने २९ जुलै २०१९ ला निकाल दिला, की ते बटण आपल्या पानावर लावणारा संकेतस्थळाचा मालकही त्या माहितीच्या संकलनाला आणि पाठवणीला संयुक्तपणे जबाबदार ठरतो. तुमचा ब्लॉग छोटा असला तरी वाचक तुमच्या भरवशावर आलेला असतो.

खरं म्हणजे शेअरचं बटण ही साधी लिंक असते. प्रत्येक सेवेने एक पत्ता ठरवून दिलेला आहे. त्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग एक छोटं नाव, बरोबरचं चिन्ह आणि शेवटी तुमच्या लेखाचा पत्ता. फेसबुकसाठी ‘शेअरर डॉट पीएचपी’ वर संपणारा पत्ता आणि पुढे ‘यू’. ट्विटरसाठी ‘इंटेंट’ आणि ‘ट्वीट’ असलेला पत्ता, त्यात ‘यूआरएल’ आणि ‘टेक्स्ट’ वेगवेगळे देता येतात. ट्विटरचं नाव जुलै २०२३ मध्ये एक्स झालं, तरी त्या जुन्या लिंका चालत राहिल्या. साध्या लिंकेचा टिकाऊपणा तो हाच. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ‘डब्ल्यूए डॉट मी’, तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह आणि ‘टेक्स्ट’. फोन नंबर लिहायचा नाही; मग कोणाला पाठवायचं ते व्हॉट्सअ‍ॅप वाचकालाच विचारतं. इथे ‘टेक्स्ट’ हा एकच रकाना मिळतो, म्हणून लेखाचं शीर्षक आणि पत्ता त्यात एकापुढे एक लिहायचे. इन्स्टाग्रामसाठी मात्र असा वेबपत्ताच नाही, तो शोधण्यात वेळ घालवू नका.

आता जिथे गाडी हमखास अडते ती जागा. पत्त्यामध्ये देवनागरी अक्षरं जशीच्या तशी जात नाहीत, ती टक्क्याच्या चिन्हांच्या सांकेतिक रूपात जातात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. ‘मराठी’ हा शब्द घ्या: म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं. पत्त्यात त्याची पंचेचाळीस होतात! पाच-सहा शब्दांचं शीर्षक पत्त्यात गेलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लेखाऐवजी टक्क्यांची भली मोठी रांग दिसते, आणि ती पाहून लोक लिंक उघडायला कचरतात.

वर्डप्रेस मराठी शीर्षकापासून असाच लांबलचक पत्ता बनवतं. ब्लॉगरची तऱ्हा उलटी. तो देवनागरी अक्षरं सोडूनच देतो आणि पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ असा होतो, पुढच्या लेखांना त्यामागे आकडे. दोन्हींवर उपाय एकच: लेख प्रकाशित करण्याआधी पर्मालिंक, म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, स्वतः लिहा, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत. ब्लॉगरमध्ये एकदा प्रकाशित झाल्यावर लेख पुन्हा मसुद्यात नेल्याशिवाय पत्ता बदलता येत नाही, आणि बदललात तर आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका तुटतात. वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवतं, त्यामुळे तिथे इतकी धास्ती नको.

याच सांकेतिक रूपाशी जोडलेली दुसरी मेख शीर्षकात असते. शीर्षकात ‘&’ असेल आणि ते रूपांतर न करता लिंकेत गेलं, तर सेवा ते चिन्ह ‘इथे हा रकाना संपला’ असं वाचते. ‘शब्द & अर्थ’ यातला नुसता ‘शब्द’ पुढे जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत मागचा पत्ताही गळतो. शीर्षकात साधं ‘आणि’ लिहिलं की प्रश्नच मिटतो.

ब्लॉगरच्या थीममध्ये स्वतः लिंक घालणार असाल तर पहिलं काम बॅकअप. थीमच्या पानावर ती सोय आहे, पूर्ण थीमची फाइल उतरवून ठेवा. थीमचा कोड एक्सएमएलच्या कडक नियमांनी चालतो, म्हणून लिंकेमध्ये रकाने जोडणारं ‘&’ तिथे सुटं चालत नाही; त्यापुढे ‘एएमपी’ आणि अर्धविराम लिहावा लागतो. तसं केलं नाही तर थीम जतनच होत नाही आणि एन्टिटीचा (अशा सांकेतिक चिन्हाचा) संदर्भ अर्धविरामाने संपवा अशा अर्थाची तक्रार येते. त्या तक्रारीने नवखे फार घाबरतात. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं, तेवढं एक चिन्ह दुरुस्त करायचं.

लिंकेत लेखाचा पत्ता आपोआप यावा म्हणून ‘एचरेफ’च्या (कोडमध्ये लिंकेचा पत्ता जिथे लिहितात त्या शब्दाच्या) आधी ‘एक्स्पर’ आणि दोन टिंबं लागतात. ती नसतील तर ब्लॉगर पत्त्याच्या जागी कोडचे शब्दच जसेच्या तसे छापतो. पत्ता म्हणून कॅनॉनिकल पत्ता, म्हणजे पानाचा शेपूट नसलेला मूळ पत्ता, घ्या, कारण मोबाइलवर ब्लॉगर पत्त्याच्या शेवटी ‘एम=१’ चिकटवतो आणि तो तसाच पुढे गेला तर संगणकावर उघडणाऱ्यालाही मोबाइलचं रूप दिसतं. मात्र कॅनॉनिकल पत्ता म्हणजे त्या पानाचा पत्ता. मुखपृष्ठावर एकाखाली एक दहा लेख असतील तर दहाही बटणं मुखपृष्ठच शेअर करतील. तेव्हा अट घालून बटणं फक्त लेखाच्या स्वतंत्र पानावर दाखवा, लेखाच्या मजकुराच्या लगेच खाली.

किती बटणं लावावीत? माझ्या मते तीन पुष्कळ झाली: व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि तुमच्या विषयाचे लोक जिथे असतात ते एखादं. स्क्रिप्ट चालत असेल तर एकच ‘शेअर करा’ बटणही ठेवता येतं, जे फोनची स्वतःची शेअरची खिडकी उघडतं. त्यासाठी ब्लॉगचा पत्ता एचटीटीपीएसने (सुरक्षित जोडणीच्या खुणेने) सुरू होणारा असावा लागतो, आणि संगणकावरच्या सगळ्या ब्राउझरमध्ये ते चालत नाही, म्हणून साध्या लिंका सोबत असू द्याव्यात. किती जणांनी शेअर केलं ते आकडे दाखवण्याच्या मागे लागू नका. ट्विटरने ते नोव्हेंबर २०१५ मध्येच काढून टाकले, आणि नव्या ब्लॉगवर शून्याचा आकडा पाहून वाचकाचा हुरूप वाढत नाही.

बटणापेक्षा जास्त लक्ष मी पूर्वदृश्याकडे देतो. लिंक पाठवल्यावर चित्र, शीर्षक आणि दोन ओळी दिसतात, त्या ओपन ग्राफ नावाच्या टॅगांतून येतात. फेसबुकने २०१० मध्ये आणलेली ही पद्धत आता व्हॉट्सअ‍ॅपसह बहुतेक सगळे वापरतात. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलच्या आसपास ठेवलं तर कापलं जात नाही, आणि फाइल हलकी असावी. ब्लॉगरमध्ये सेटिंगमधून शोध-वर्णन सुरू करा. मग प्रत्येक लेखाला दोन ओळी लिहायचा रकाना मिळतो. त्या दोन ओळी स्वतः, मन लावून लिहा. लिंक उघडायची की नाही हे माणूस त्या ओळी वाचून ठरवतो.

चित्र बदललं तरी फेसबुकवर जुनंच दिसतं, कारण ते साठवून ठेवलेलं असतं. फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’ या पानावर लेखाचा पत्ता देऊन पुन्हा वाचायला लावता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वदृश्य पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि संदेशाबरोबर जातं. एकदा गेलेलं सुधारत नाही. म्हणून नवा लेख गटात टाकण्याआधी स्वतःलाच पाठवून पाहावा.

नुसती चिन्हं असलेली बटणं लावलीत तर प्रत्येकाला नावाचं लेबल द्या, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यालाही ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ असं ऐकू येईल. बोटाने सहज दाबता येतील एवढी ती मोठी हवीत. डब्ल्यूसीएजी २.२ या, संकेतस्थळं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या, नियमांत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितले आहेत, मी त्याहून बरीच मोठी ठेवतो. आणि ब्लॉगरची थीम बदलली की थीममध्ये घातलेला हा सगळा कोड जातो, तेव्हा त्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा.