दुसऱ्या उन्हाळ्यात काम का मरतं? ग्रामपंचायत-नगरपालिकांनी टाळायच्या चुका

दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावायचं, हा आपल्याकडचा जुना विनोद. हसून झालं की लक्षात येतं, विनोद नाहीच तो. 5 जूनला पर्यावरण दिनाचा फोटो, जुलैत हिरवळ, जानेवारीत काटकी आणि मेमध्ये पुन्हा मोकळा खड्डा.

त्यामुळे सरपंच किंवा मुख्याधिकारी भेटले की मी ‘यंदा काय करणार?’ असं विचारत नाही. सोलर, झाडं, कचरा, पाणी अशा पर्यावरणाच्या कामांपैकी मागच्या वर्षी केलेलं आज काय चालू आहे, ते विचारतो. उत्तर यायला वेळ लागला की समजावं, खालच्यापैकी एक तरी चूक झालेली आहे.

वीजबिल न वाचता सोलर बसवणं

ही सर्वात महागडी चूक. ग्रामपंचायतीची वीज मुख्यतः दोन ठिकाणी जाते: पाणीपुरवठ्याचे पंप आणि पथदिवे. पॅनेल मात्र बसतं कार्यालयाच्या छतावर, कारण ते रस्त्यावरून दिसतं. तिथे दोन पंखे, चार दिवे आणि एक संगणक. बिलाला त्याने काय फरक पडणार?

हिशेब अवघड नाही. पाच एचपीचा पंप म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉट. तो आठ तास चालला की 30 युनिट गेली. आपल्याकडे एक किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. म्हणजे या एका पंपासाठी साडेसात-आठ किलोवॉटचं पॅनेल हवं. पण तोच पंप गळक्या जलवाहिनीमुळे आठ तास चालत असेल आणि गळती काढल्यावर पाच तासांत टाकी भरत असेल, तर पॅनेलही पाच किलोवॉटच्या आत भागतं. म्हणून आधी प्लंबर आणि मग सोलरवाला. हा क्रम उलटा झाला की गळती तशीच राहते, फक्त ती सूर्यप्रकाशावर चालते.

पथदिव्यांचंही तसंच. सोडियमचा जुना 70 वॉटचा दिवा चोकसकट ऐंशीच्या पुढे वीज खातो. त्या जागी 30 वॉटचा एलईडी लावला, तर शंभर दिव्यांमागे रात्रीला पन्नासएक युनिट वाचतात. आणि सकाळी दहा वाजता रस्त्यावरचे दिवे जळत असतील तर एलईडीचं कौतुक राहू द्या, आधी टायमर बसवा.

सोलर बसलंय पण वीज कमी येतेय, अशी तक्रार असेल तर इन्व्हर्टरकडे जाण्याआधी शिडी लावून वर चढा. दहापैकी बऱ्याच वेळा कारण धूळ असतं, नाहीतर शेजारी वाढलेल्या झाडाची सावली. एका तालुक्याच्या गावी चौकातला सौर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, वर्षभर बंद होता. बॅटरी गेली होती आणि बदलायला पैसे नव्हते, कारण खरेदीच्या निविदेत देखभालीची ओळच नव्हती. निविदेतच पाच वर्षांची देखभाल धरा. वस्तू महाग दिसेल, दिसू द्या.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली. तिथे पाहायला जरूर जावं. पण परत येताना पॅनेलच्या कंपनीचं नाव लिहून आणण्यापेक्षा देखभाल कोण करतं आणि पैसे कुठल्या खात्यातून जातात, हे विचारून यावं.

मुंबईचा आराखडा गावाला चिकटवणं

मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला. त्यासाठी आधी मोजणी झाली: 2019 मध्ये शहराचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन सुमारे 2.34 कोटी टन, त्यातला 72 टक्के वाटा ऊर्जेचा, 20 टक्के वाहतुकीचा आणि 8 टक्के कचऱ्याचा. आपण चर्चा करतो कॅरीबॅगची आणि मोठा वाटा निघतो विजेत. आराखड्यातून उचलायची गोष्ट ही: आधी मोजा, मग ठरवा. 2050 चं ‘नेट झिरो’ (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेणं) गावाच्या फलकावर रंगवून काही होत नाही.

ग्रामसभेत ‘कार्बन’ म्हटलं की मागच्या रांगा उठतात. तिथे पाणी, बिल आणि ऊन या तीन शब्दांत बोला. मतलब तोच असतो.

झाडांची संख्या मोजणं

2016 मध्ये 2 कोटी, मग 4, मग 13 आणि 2019 मध्ये 33 कोटी. राज्याच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टं अशी चढत गेली. किती जगली यावर नंतर विधिमंडळातही वाद झाला. गावाच्या पातळीवर हा वाद टाळायचा सोपा मार्ग म्हणजे उद्दिष्ट पाण्यावरून ठरवणं. टँकरच्या किती खेपा परवडतात, एका खेपेत किती झाडं भिजतात आणि फेब्रुवारी ते मे किती आठवडे होतात? उत्तर तीनशे आलं, तर तीनशेच लावा. रोजगार हमीतून राबवलेला ‘बिहार पॅटर्न’ यासाठीच बरा वाटतो: ठरावीक मजुरांकडे ठरावीक झाडं, तीन वर्षं.

रोप मरतंय तर कारण शोधताना माती उकरा. वर ओल आणि खाली कोरडं असेल तर पाणी रोज थोडं थोडं घातलं जातंय. आठवड्यातून दोनदा, पण मुळापर्यंत जाईल असं घाला. सालीवर दातांचे व्रण असतील तर शेळी. तिथे कुंपण लागेल, भाषण नाही. मोठं झाड वरून वाळत असेल तर बुंध्याला चिकटून बसवलेले पेव्हर ब्लॉक आधी उखडा. सुशोभीकरणाच्या नावाखाली आपण झाडांचे गळे आवळतो आणि मग वादळात झाड पडलं की झाडालाच धोकादायक ठरवतो.

कडुलिंब, करंज, उंबर, जांभूळ, ताम्हण हे सोडून रोपवाटिकेत स्वस्त मिळालं म्हणून भलतंच लावणं, हीसुद्धा चूकच.

घरात वेगळा, गाडीत एकत्र

लोक कचरा वेगळा देत नाहीत, ही पालिकेची तक्रार. पालिकेचीच घंटागाडी दोन्ही बादल्या एका हौद्यात ओतते, ही लोकांची. दुसरी तक्रार खरी असेल तर पहिली करायचा अधिकार राहत नाही. ज्या बाईने एकदा आपल्या डोळ्यांनी ते एकत्र झालेलं पाहिलं, ती पुन्हा वेगळं करणार नाही. म्हणून आधी गाडीच्या हौद्यात मधोमध फळी टाका, त्यानंतर जनजागृतीचे भोंगे.

वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचं वर्गीकरण वीसहून अधिक प्रकारांत झालं आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक बघायला येतील अशी बाग उभी राहिली. खूप प्रकार केले म्हणजे झालं, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक प्रकाराला गिऱ्हाईक असेल तरच तो वेगळा काढण्यात अर्थ. भंगारवाल्याशी आधी बोला, प्रकार किती ते मग ठरवा.

आता खताच्या खड्ड्याची दुर्गंधी, कारण बहुतेक प्रकल्प इथेच बंद पडतात. शेजारचे तक्रार करतात, नगरसेवक फोन करतात आणि खड्ड्यावर कुलूप. दुर्गंधीचा अर्थ बहुतेक वेळा एकच: ओल जास्त, हवा कमी. मूठभर कचरा पिळून पाहा. धार लागली तर फार ओलं, एक-दोन थेंब आले तर बरोबर. ओलं असेल तर वाळका पालापाचोळा किंवा नारळाचा भुसा मिसळा आणि ढीग वरखाली करा. दोन-तीन दिवसांत फरक कळतो.

गंमत अशी की पालापाचोळ्याअभावी ज्या पालिकेचा खड्डा वास मारतो, त्याच पालिकेचे सफाई कामगार सकाळी रस्त्याकडेला पालापाचोळा जाळत असतात. दोन विभाग, दोन मुकादम आणि मध्ये बोलणं नाही. एक हातगाडी त्या ढिगाकडून खड्ड्याकडे वळवली की धूर आणि वास दोन्ही प्रश्न मिटतात.

पाणी अडवलं, पण त्याचा वापर मोजला नाही

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र हजार हेक्टर आणि पाऊस 500 मिलिमीटर असेल तर 500 कोटी लिटर पडलं. आकडा ऐकून सगळे खूश होतात. मग बाष्पीभवन, वाहून गेलेलं, पिकांनी प्यालेलं वजा करत जा. चेहरे बदलतात, आणि तिथून खरी ग्रामसभा सुरू होते.

हिवरे बाजारचं नाव सगळे बंधाऱ्यांसाठी घेतात. पोपटराव पवारांच्या गावाने त्याहून कठीण काम केलं ते पाण्याच्या ताळेबंदाचं: पाऊस मोजून पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. अशा ठरावांची झळ कुणाला तरी बसतेच. म्हणून बाकीची गावं बंधाऱ्यापाशी थांबतात आणि मार्चमध्ये टँकर मागवतात.

गुणांसाठी फाईल रंगवणं

पर्यावरणाच्या कामांसाठी गावा-शहरांना गुण देणारं राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं, त्याचा फायदा झालाच. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच चौकटींमुळे पालिकेला पहिल्यांदा सगळं एकत्र बघावं लागलं. पण मूल्यमापन जवळ आलं की रात्री जागून फोटो अपलोड करायचे आणि ई-शपथांचा (पर्यावरण जपण्याच्या ऑनलाइन शपथांचा) आकडा वाढवायचा, हे प्रकारही वाढले. शपथेने कुणाची मोटर बंद होत नाही. फाईलचं काम एकाकडे आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडे असेल, तर निकालानंतर दोन्ही थांबतात. रोजच्या कामाच्या नोंदवहीतूनच फाईल तयार होईल असं बघा.

‘निधी नाही’ हेही तपासून बोलावं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानात ग्रामपंचायतीचा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता: त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी व जलपुनर्भरणासाठी. कितीतरी गावांनी त्यातून वस्तू घेतल्या आणि त्या चालवण्यासाठी स्वनिधीत लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, उघडलंच नाही.

उन्हाचं नियोजन नसणं

थोडक्यात सांगतो, कारण इथे खर्चही थोडाच आहे. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर. आपण लाट यायची वाट बघू नये. अंगणवाडीच्या पत्र्याला मार्चमध्ये पांढरा रंग द्या आणि सफाई कामगारांची पाळी दुपारी बाराच्या आत संपवा. बाजारात पाणपोई आणि सावली लागतेच. आठवडी बाजार उन्हात भरतो, बैठक एसीत होते, म्हणून हे सुचत नाही.

एकाच माणसाच्या जोरावर चालणं

मुख्याधिकारी बदलतात, सरपंचांची मुदत संपते. 2022 नंतर तर बहुतेक महापालिकांत प्रशासकच होते. उत्साही माणूस असेपर्यंत काम धावतं आणि तो गेला की बसतं. उपाय कंटाळवाणा आहे: ग्रामसभेचा किंवा सभागृहाचा ठराव, अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष आणि एक साधी वही. त्या वहीत कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा, सोलरवाल्याचा नंबर, रोपांना पाणी घालणाऱ्याचं नाव. मी पाहिलेल्या एका ठिकाणी पालापाचोळा बारीक करायचं यंत्र आठ महिने पडून होतं. बिघाड काहीच नव्हता. शेडची चावी बदली होऊन गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि ड्रॉवरला कुलूप.