बँकॉकमध्ये महिन्याच्या भाड्याची खोली बघताना

भारतातूनच ऑनलाइन महिन्याभराचं बुकिंग करू नका. आधी तीन-चार रात्री गेस्टहाउसमध्ये काढा आणि ओन नुट, उदोम सुक किंवा रामखामहेंगच्या गल्ल्या पायी फिरा. इमारतीवर ‘हाँग वांग’ (रिकामी खोली) अशी थाई पाटी असते. नुसतं हेच विचारलंत तरी खालच्या ऑफिसातली बाई किल्ल्या काढते.

भाड्यापेक्षा आधी विजेचा दर विचारा, खरी मेख तिथेच असते. सरकारी दर साधारण युनिटला ४ ते ५ बाट (थाई चलन), पण बऱ्याच इमारती ७-८ बाट लावतात. रात्रभर एसी चालवला तर रोज ५ युनिटं सहज जातात. म्हणजे ८ बाटच्या दराने महिन्याला १,२०० बाट फक्त झोपेचे! पंख्याची खोली स्वस्त पडते, पण एप्रिलमध्ये तो विचार सोडा.

खोलीत एसी पंधरा मिनिटं चालू ठेवा. पाणी ठिबकलं तर साफसफाई झालेली नाही. शॉवर सोडून बघा. स्वयंपाकघर बहुधा नसतंच, इंडक्शन चालेल का ते विचारून घ्या. फोडणीच्या वासावरून कुरबूर होते.

डिपॉझिट बहुतेकदा एक-दोन महिन्यांचं असतं. किती महिन्यांआधी सोडलं तर ते बुडतं, हे करारात वाचा. मीटरचा आकडा आणि भिंतीवरचे डाग यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. घरमालकाने २४ तासांत टीएम ३० नोंद (परदेशी माणूस राहायला आल्याची इमिग्रेशनला माहिती) करायची असते. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरी खोली बघा, व्हिसा वाढवताना तो कागद मागतात.