स्लाइड-आउट हलत नसेल तर मोटरला हात लावण्याआधी

बटण दाबलं आणि मोटरहोमचं (राहण्याची सोय असलेल्या गाडीचं) स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारा खोलीचा भाग, जागचा हलला नाही, की लोक थेट मोटर बदलायला निघतात. माझं ऐका, मोटर सगळ्यात शेवटी.

ही मोटर बहुधा १२ व्होल्टवर चालते आणि करंट भरपूर ओढते. पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, पण तेवढ्यावर विसंबू नका. कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलना लावलेला मल्टिमीटर बघा. आकडा ११ च्या खाली आला तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर शोधा.

काही गाड्यांत हँडब्रेक ओढल्याशिवाय किंवा इग्निशन ठरावीक स्थितीत असल्याशिवाय स्लाइड चालतच नाही. तेही बघा, मग फ्यूज.

मला सगळ्यात जास्त संशय असतो तो ग्राउंडचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. चासीवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) ग्राउंडचा बोल्ट वरून चकचकीत दिसतो, पण खालच्या वॉशरखाली गंज बसलेला असतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी कंट्रोलरच्या (स्लाइडची मोटर चालवणाऱ्या पेटीच्या) ग्राउंडला लावून बटण दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ग्राउंडच्या बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासा आणि बोल्ट घट्ट आवळा.

रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) टक् वाजतो, पण मोटर गप्प? बटण दाबलेलं असताना मोटरच्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. बारा येत असतील तर मोटर गेली. नसतील तर रिले किंवा मधली वायरिंग.

तपासताना स्लाइडच्या वाटेत कुणीही, विशेषतः मुलं, उभी राहू देऊ नका.