ग्वाल्हेरचा उन्हाळा: कूलर आधी उघडा, मग गच्ची

पाडवा झाला की कूलर उघडून बघावा. अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबलात तर तोवर लू (उन्हाळ्यातला गरम, कोरडा वारा) वाहायला लागलेली असते आणि मिस्त्री हाताशी लागत नाही. ग्वाल्हेरची हवा एप्रिल-मे महिन्यांत कोरडी असते, म्हणून इथे कूलर खरोखर गारवा देतो. बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर नीट भिजलेल्या घासेतून (कूलरच्या जाळ्यांत भरतात त्या लाकडाच्या बारीक कातरणीतून) येणारी हवा 28-29 अंशांपर्यंत उतरते. एक लिटर पाणी उडताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता हवेतून घेऊन जातं, सगळा खेळ तेवढ्याचाच. त्यामुळे कूलर गार हवा देत नसेल तर आधी पाणी घासेवर सगळीकडे पोचतंय का ते पाहावं. पंख्याचा दोष त्यानंतर.

प्लग काढूनच हात लावा. तिन्ही जाळ्या उतरवून जुनी घास टाकून द्या. मागच्या वर्षीची घास धुऊन चालवायची काटकसर करू नका. तिच्यात क्षार बसलेले असतात, ती पाणी धरत नाही आणि कुबट वास मारते. टाकी घासून कोरडी करा. पत्र्याच्या टाकीत तळाला आणि कोपऱ्यांत गंज दिसला तर तारेच्या ब्रशने खरवडा, भोकाला एम-सील लावा, ते पूर्ण वाळलं की आतून डांबरी रंगाचे दोन हात द्या. पहिला हात ओला असताना दुसरा दिला तर महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

आता वरची पन्हळ, जिच्या भोकांतून पाणी जाळीवर उतरतं. निम्मे बिघाड इथले असतात. बोअरचं पाणी जड असेल तर भोकं पांढऱ्या खारानं बुजतात, त्या भोकांखालची घास कोरडी राहते आणि गरम हवा तिथूनच आत शिरते. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात नळी, पंपाची जाळी आणि पन्हळ (ती सुटत असेल तर) अर्धा तास भिजवा, मग भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. तीव्र अ‍ॅसिड वापरू नका, ते पत्र्याचा जस्ताचा थर खातं. पाणी भरून पंप लावा आणि जाळी नसतानाच बघा, प्रत्येक भोकातून धार येते का. एका बाजूला कमी येत असेल तर कूलर तिरका बसला आहे, स्टँडखाली फरशीचा तुकडा सरकवून सपाटी साधा. पंप कोरडा चालला तर त्याची कॉइल जळते, म्हणून पाणी पंपाच्या वर राहील असा फ्लोट लावा.

घास भरताना सर्वांत जास्त चूक होते. दोन इंच जाडीचा थर हवा, सगळीकडे सारखा. ओली घास आठवड्याभरात खाली बसते आणि वर तीन-चार बोटं फट पडते. हवेला सोपी वाट मिळाली की ती भिजल्या घासेतून जातच नाही. म्हणून वरचा चौथा भाग थोडा जास्त दाबून भरा आणि आठ दिवसांनी पुन्हा जाळी उतरवून फट भरा. नवी घास रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी फेकून द्या, म्हणजे धूळ आणि रंग उतरतो. वाळा महाग पडतो, पण खोलीभर त्याचा वास दरवळतो. एका जाळीत वाळा आणि बाकीच्यांत घास, ही विभागणी आम्हाला सर्वांत पटते.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. त्यावर लिहिलेल्या आकड्याचाच नवा बसवा. बुशिंगला (पंख्याचा दांडा फिरतो त्या कड्याला) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. आणि अर्थिंगवर तडजोड नको: ओला पत्रा आणि तुटकी वायर यांनी दर उन्हाळ्यात जीव जातात. तीन पिनांचा प्लग, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), आणि पाणी भरताना, टाकीत हात घालताना मेन बंद. मुलांना हे एकदा सांगून भागत नाही.

कूलर खिडकीबाहेर, सावलीत आणि भिंतीपासून किमान एक फूट मोकळा ठेवा. खोलीत ठेवाल तर तीच ओली हवा फिरत राहील. समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं, कूलरच्या तोंडाएवढं तरी. ते बंद ठेवलं की अर्ध्या तासात चादरी दमट होतात आणि माणसं म्हणतात, कूलर बिघडला.

दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून भिंती घासा. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो, ती कोरड्यातही टिकतात; नुसतं पाणी बदलून जात नाहीत. नळ एक दिवसाआड येत असला तरी हे चुकवू नका, ते पाणी बागेला द्या.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या दगडी पट्ट्यांच्या छताला चुना लावलाच पाहिजे. एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात लोखंडी पिंपात विझवा (तो उकळतो, डोळे जपा, प्लास्टिकची बादली नको), 24 तास ठेवून फडक्याने गाळा, 20 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा. आधी सांधे भरा, गच्ची ओली करा, संध्याकाळी दोन हात द्या. भर उन्हात लावलेला चुना पुसताच हाताला येतो.

पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पडदा हवा. आतून लावलेला पडदा काच तापू देतो.

जूनअखेरीस पाऊस आला की हवा ओली होते. तेव्हा 35 अंशांतून तीन-चार अंशही उतरत नाहीत. पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पाऊस स्थिरावला की घास काढा, टाकी वाळवा आणि पंप कोरड्या फडक्यात गुंडाळून वर ठेवा.