एएफएमसीच्या मुलाखतीआधी तोंड उघडायची तयारी

एमबीबीएसचा प्रवेश म्हणजे नीटचे मार्क, एवढंच आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, मात्र नीटच्या गुणांवर नुसतं बोलावणं येतं. त्यानंतर इंग्रजी आणि तर्काची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. मुलांना ११५ जागा, मुलींना ३०. दोन वर्षं खोलीत बसून एमसीक्यू सोडवलेल्या मुलाला तिथे एकदम तोंड उघडावं लागतं. म्हणून नीटचा पेपर झाला की चार दिवस झोपा आणि पाचव्या दिवसापासून बोलायला लागा. निकालाची वाट बघू नका. त्यानंतर हाताशी उरणारे दिवस कागदपत्रांतच जातात.

पहिलं काम रोज वीस मिनिटांचं. दहा मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख उभं राहून मोठ्याने वाचायचा. उरलेल्या दहा मिनिटांत त्याच विषयावर न बघता दीड मिनिट बोलायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं नको वाटतं, तरी ऐका. दोनच गोष्टी मोजा: ‘अ‍ॅक्चुअली’, ‘लाइक’ किती वेळा आलं, आणि वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो की नाही. बहुतेकांचा येत नाही. वाक्याच्या मध्यावर श्वास संपतो आणि शेवटचा शब्द पोटात जातो. वाक्य लहान करा, पूर्णविरामाला थांबा. आठवड्याभरात फरक कळतो.

आता मुख्य काम. अनोळखी मोठ्या माणसासमोर बसून बोला. आरसा नको, मित्र नको, आईबाबा तर नकोतच. त्यांना तुमचं अर्धं वाक्य पुरतं, अनोळखी माणसाला पुरत नाही. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, असे निदान आठ जण हवेत. सोसायटीतले निवृत्त प्राचार्य, वडिलांच्या ऑफिसातल्या मॅडम, बँकेतले काका. जवळपास निवृत्त सुभेदार किंवा मेजर असतील तर फारच उत्तम. साताऱ्या-कोल्हापूरकडे गल्लीत एखादे सापडतातच, नाहीतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. तिथे जाऊन विचारणं हाही सरावच. लाज वाटते म्हणून पुढे ढकलाल, तर तीच लाज पॅनेलसमोर वाटेल.

त्या माणसाला एकच सांगून ठेवा: प्रत्येक उत्तरावर उपप्रश्न विचारायचा. पाठ केलेलं उत्तर पहिल्या प्रश्नालाच संपतं. ‘फौजेत का?’ ‘देशसेवा करायची आहे.’ ‘गावात दवाखाना टाकला तर ती देशसेवा नाही का?’ इथे निम्मी मुलं गप्प होतात. मग ‘पोस्टिंग लांब पडलं तर?’ आणि ‘पुढे बाँडचे पैसे भरून बाहेर पडणार का?’ (बाँड म्हणजे शिकून झाल्यावर फौजेत नोकरी करण्याचा करार) यांची उत्तरं घरच्यांशी खरोखर बोलून ठरवा. नुसतं तोंडदेखलं ‘नो सर’ लगेच उघडं पडतं. येत नसेल तर ‘आय डोन्ट नो, सर’ एवढंच, नजर खाली न घालता. अंदाज ठोकू नका.

माहितीचा भाग थोडा आहे, पण चुकला तर वाईट दिसतं. एएफएमसी १९४८ची. लष्करातला कॅप्टन आणि नौदलातला कॅप्टन एकच नव्हेत: नौदलाचा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि लष्करातल्या कॅप्टनच्या जोडीचा नौदलातला हुद्दा लेफ्टनंट. २०२४मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या, त्याही इथल्याच विद्यार्थिनी. अर्जात जो छंद लिहिलात त्यावर पाच मिनिटं बोलता यायला हवं. ‘वाचन’ लिहिलं असेल तर शेवटचं वाचलेलं पुस्तक खरंच वाचलेलं असू दे.

आणि अनोळखी माणसं. आठ झाली का? चारवर थांबला असाल तर माहितीचं पुस्तक मिटा आणि उरलेल्या चौघांना आजच फोन लावा. फोनही स्वतः करा, बाबांना करायला लावू नका.

बाकीचं पटापट. कपडे साधे, इस्त्रीचे, बूट आधी चार दिवस वापरलेले. खुर्चीत पूर्ण टेकून, हात मांडीवर. वैद्यकीय तपासणीआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, दात दाखवून या. मूळ कागदपत्रं, झेरॉक्स, फोटो. आदल्या दिवशीच पुण्यात या, सोलापूर रस्त्याच्या सकाळच्या गर्दीवर भरवसा ठेवू नका. बाहेर थांबावं लागलं तर मोबाइलमध्ये डोकं घालू नका, शेजारच्या मुलाशी बोला. तोही अनोळखीच आहे.