कार्ल बार्थवर थिसिस करताय? मग कोट उचलायची घाई करू नका

बीडी (ख्रिस्ती धर्मशास्त्राची पदवी) झालंय, आता एमटीएचला (त्यापुढच्या पदव्युत्तर अभ्यासाला) सिस्टिमॅटिक थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती सिद्धांतांची सुसंगत मांडणी, घेऊन बार्थवर काम करायचंय, अशांसाठी हे लिहितेय. बार्थ म्हणजे विसाव्या शतकातला स्विस सुधारित (रिफॉर्म्ड, कॅल्व्हिनच्या परंपरेतला) धर्मशास्त्रज्ञ, आणि बार्मेनचं घोषणापत्र म्हणजे चर्चवरच्या नाझी हुकमतीला जर्मनीत १९३४ मध्ये दिलेला नकार, हे तुम्हाला माहीत असणारच. त्याच्या मुख्य ग्रंथाचे, 'चर्च डॉग्मॅटिक्स'चे, खंड लायब्ररीच्या फळीवर ओळीने लावलेले बघून पोटात गोळा येतो, मलाही अजून येतो. १९३२ ते १९६७ एवढ्या वर्षांत निघालेले चार खंडांतले १३ ग्रंथ, जर्मनमध्ये ९ हजारांच्या वर पानं, आणि तरी काम अपुरंच, कारण ठरवलेला पाचवा खंड त्याने लिहिलाच नाही. आधी सगळं वाचून काढू आणि मग थिसिसला हात घालू असं ठरवलंत तर थिसिस होणार नाही, स्पष्टच सांगते.

पण लांबी हा खरा खड्डा नाहीच. बार्थ दुसऱ्याचं म्हणणं मांडतो तेव्हा इतकं मनापासून, इतकं बारकाईने मांडतो की पानंच्या पानं वाचताना आपल्याला वाटतं हेच याचं मत, आपण वहीत उतरवून घेतो, पान नंबर टाकतो, चॅप्टरमध्ये घालतो, आणि पुढच्या भागात तोच माणूस ते सगळं मुळापासून बदलून टाकतो. मी यात पुरती अडकले होते म्हणून जरा खोलात सांगते.

दुसऱ्या खंडाचा दुसरा भाग घ्या, देवाच्या निवडीवरचा, म्हणजे तारणासाठी देव कोणाला निवडतो यावरचा. सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्व्हिन म्हणायचा की काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी देवाने आधीच ठरवलंय. प्रस्तावनेतच तो म्हणतो की कॅल्व्हिनच्या जवळ राहायला मला जास्त आवडलं असतं. पॅराग्राफ ३२ मध्ये (त्याचा एक पॅराग्राफ म्हणजे कितीतरी पानं, हे लक्षात असू द्या) कॅल्व्हिनचा प्रश्न तो पूर्ण आदराने समजून घेतो. आणि मग ३३ मध्ये येतं त्याचं स्वतःचं म्हणणं: येशू ख्रिस्त हाच निवडणारा देव आणि तोच निवडलेला माणूस. ख्रिस्ताच्या पाठीमागे देवाचा कुठलाही वेगळा, गुप्त निर्णय दडलेला नाही, आणि नाकारलं जाणंसुद्धा त्यानेच वधस्तंभावर स्वतःवर घेतलं. आता ३२ मधलं एखादं वाक्य उचललंत की बार्थ कट्टर कॅल्व्हिनवादी दिसतो, फक्त ३३ मधलं उचललंत की सगळ्यांचं तारण होणारच असं शिकवणारा दिसतो, आणि दोन्ही चुकीचं. सगळ्यांचं तारण होईलच असा सिद्धांत बांधायला तो नाही म्हणतो, पण कृपा इथपर्यंतच पोचेल अशी रेघ ओढायलाही तितक्याच ठामपणे नाही म्हणतो. ही ओढाताण नीट कळते ती ३५ मध्ये, तीही बारीक टाइपात: बायबलमधल्या लेवीय १६ मधले दोन बकरे, शौल आणि दावीद, शेवटी यहूदा इस्कर्योत. बारीक टाइप म्हणजे तळटीप समजून गाळणारे कितीतरी जण असतात. गाळू नका हो! शास्त्रवचनांशी त्याची खरी झटापट तिथेच चाललेली असते.

म्हणून काय करायचं, तर प्रत्येक पॅराग्राफच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत जो सिद्धांत दिलेला असतो तो आधी हाताने लिहून काढा, मग शेवटपर्यंत वाचा, आणि समासात पेन्सिलने लिहीत जा की आत्ता बोलतंय कोण, कॅल्व्हिन, जुने सुधारित पंडित, की बार्थ स्वतः. पॅराग्राफ संपेपर्यंत एकही कोट टाइप करायचा नाही.

कोटाशेजारी सालही लिहा. १९२२ च्या रोमकरांस पत्रावरच्या भाष्यातला बार्थ देव आणि माणूस यांच्यातलं अंतर ठासून सांगतो, १९५६ च्या 'देवाची मानवता' या व्याख्यानात तोच त्या जुन्या भराकडे परत वळून बघतो. निसर्गातूनही देवाची ओळख होते असं म्हणणाऱ्या एमिल ब्रुनर या स्विस धर्मशास्त्रज्ञाला दिलेलं ते प्रसिद्ध 'नाही!' १९३४ चं, म्हणजे बार्मेनच्याच वर्षाचं, नाझींना सामील झालेली मंडळी समोर उभी असतानाचं. साल काढून टाकलं की तो नुसता तापट माणूस वाटतो.

समरी आणि व्हिडिओ यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. 'निओ-ऑर्थोडॉक्स' (नव-सनातनी) असा शिक्का मारून विषय संपवणाऱ्या नोट्स तर हातातही घेऊ नका. गाइड निवडताना नावापेक्षा एवढंच बघा की त्यांनी डॉग्मॅटिक्सचा एक तरी भाग सलग वाचलाय का, नसेल वाचला तर प्रेमळ असूनही ते तुम्हाला वाचवू शकणार नाहीत. आणि बार्थची सहकारी शार्लोट फॉन किर्शबाउम हिचं नाव टाळू नका. डॉग्मॅटिक्सच्या कामात तिचा वाटा प्रचंड होता, १९२९ पासून ती बार्थच्याच घरात राहत होती आणि त्याच्या बायकोने, नेलीने, त्याची मोठी किंमत मोजली. ते वाचून मला त्रास झाला, तुम्हालाही होईल, होऊ द्या.

घाबरलात का? मग 'डॉग्मॅटिक्स इन आउटलाइन'पासून सुरुवात करा. १९४६ च्या उन्हाळ्यात बॉनच्या अर्धवट पडलेल्या राजवाड्यात सकाळी ७ वाजता दिलेली ही व्याख्यानं, आधी स्तोत्र किंवा गीत व्हायचं, ८ वाजता ढिगारे उपसणारी यंत्रं धडधडायला लागायची, आणि बार्थ पहिल्यांदाच लिहून न आणता प्रेषितांच्या मतांगीकारावर (ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या सूत्रावर) बोलत होता. छोटं पुस्तक आहे, सहज झेपेल. जर्मन येत नाही म्हणून एमटीएचला अडून बसू नका, ब्रॉमिली आणि टॉरन्स यांनी संपादित केलेलं इंग्रजी भाषांतर पुरतं. पुढे पीएचडी मनात असेल तर मात्र जर्मन आत्तापासूनच सुरू करा, रोज अर्धा तास.