टॅलसस्नेलची संवर्धन-स्थिती ठरवताना: नव्या सर्वेक्षकांसाठी

शंखी गोगलगाय म्हटलं की आपल्याकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी कीड आठवते. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्याच्या वाळवंटी डोंगरांत राहणाऱ्या टॅलसस्नेलचं, म्हणजे सोनोरेला वंशाच्या गोगलगायींचं, उलटं आहे. तिथे एकेक जात एखाद्याच डोंगररांगेत, कधी एकाच टेकडीवर असते. सान झेवियर टॅलसस्नेल (सोनोरेला एरेमिटा) टूसॉन शहराच्या दक्षिणेकडे एका टेकडीच्या वायव्य उतारावर, जेमतेम 15 बाय 30 मीटरच्या जागेत राहते. या कामात नव्याने येणारे हमखास फसतात ते इथेच: इतकी कमी, म्हणजे धोक्यात, असं ते धरून चालतात. दुर्मिळ असणं आणि धोक्यात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पुराव्यानिशी दाखवावी लागते.

टॅलस म्हणजे कड्याखाली कोसळून साचलेला दगडांचा खच. कोरड्या काळात गोगलगाय खोल फटीत उतरते आणि शंखाचं तोंड चिकट स्रावाने दगडाला चिकटवून पडून राहते. पाऊस रुसला तर वर्षानुवर्षं. म्हणून शोध घ्यायचा तो जुलै ते सप्टेंबरच्या मान्सूनमध्ये, चांगला पाऊस पडून गेल्यावर, रात्री किंवा उजाडायच्या आत. दिवसा दगड उपसत बसू नका. चिकटलेली गोगलगाय सुटली की तिचं पाणी उडतं, ती मरू शकते. शिवाय हललेल्या दगडांमधून माती खाली झिरपून फटी बुजतात, आणि त्या फटी हाच तिचा खरा अधिवास. उचललाच तर वरचा एखादा दगड, आणि तो होता तसाच, त्याच बाजूने परत.

रिकामे शंख मिळतीलच. चकाकी आणि खांद्यावरचा गडद तपकिरी पट्टा शाबूत असेल तर शंख तुलनेने ताजा. पांढराफटक, खडूसारखा झाला असेल तर किती जुना ते सांगता येत नाही. पावसाच्या लोंढ्याबरोबर शंख उतारावरून खाली येतात, त्यामुळे पायथ्याशी मिळालेल्या शंखावरून ‘इथे वस्ती आहे’ असं लिहू नका. उलट बाजूही तितकीच खरी: एका फेरीत काही दिसलं नाही म्हणजे प्राणी नाही, असं नव्हे. किती माणसांनी किती तास शोधलं, शेवटचा पाऊस कधी झाला, दगड चुनखडीचा की ग्रॅनाइटचा, हे शून्याच्या नोंदीतही हवं.

ओळख शंखावरून पटत नाही. सोनोरेलाच्या कित्येक जाती बाहेरून सारख्याच दिसतात. प्रौढ प्राण्याच्या जननेंद्रियांचं विच्छेदन करावं लागतं, पिल्लांचा उपयोग नाही. परवाना असेल तरच, आणि मोजकेच नमुने घ्या. गोगलगाय रात्रभर पाण्यात बुडवून सैल होऊ द्यावी, मग 70 ते 80 टक्के इथेनॉलमध्ये. डीएनएसाठी पायाचा छोटा तुकडा आधीच काढून 95 टक्क्यांत. फॉर्मॅलिन नको: डीएनए खराब होतो, शंखही झिजतो.

वर्गीकरणाला इतकं महत्त्व का? अमेरिकेच्या कायद्यात अपृष्ठवंशी प्राण्यांची जात किंवा उपजात संरक्षित यादीत नोंदवता येते, नुसती स्थानिक वस्ती नाही. तांब्याच्या प्रस्तावित खाणीमुळे चर्चेत आलेली रोझमॉन्ट टॅलसस्नेल वेगळी जात नसून सोनोरन टॅलसस्नेलच आहे असा निष्कर्ष निघाला, आणि त्या यादीसाठीची तिची उमेदवारी संपली.

धोक्यातल्या जातींची जागतिक ‘लाल यादी’ करणाऱ्या आययूसीएन या संघटनेच्या निकषांतही असाच चकवा आहे. व्याप्त क्षेत्र 2 बाय 2 किलोमीटरच्या चौकोनांनी मोजतात, म्हणजे 15 बाय 30 मीटरची वस्तीही 4 चौरस किलोमीटर धरली जाते (वस्ती दोन चौकोनांच्या सीमेवर नसेल तर). ‘अतिसंकटग्रस्त’साठी क्षेत्र 10 चौरस किलोमीटरपेक्षा कमी असावं लागतं; ही अट ती सहज पूर्ण करते. पण बी2 या व्याप्त क्षेत्रावरच्या निकषाला तेवढं पुरत नाही. एकच ठिकाण किंवा तीव्र विखंडन (वस्तीचे तुटक तुकडे होणं), सतत घट आणि टोकाचे चढउतार, या तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. घट सिद्ध होत नसेल, पण एका फटक्यात सगळं संपवू शकेल असा खरा धोका असेल, तर डी2 या दुसऱ्या निकषाखाली ‘असुरक्षित’ एवढंच हाती लागतं.

म्हणून धोक्याचा रकाना ‘मानवी हस्तक्षेप’ लिहून उरकू नका. खाणकाम असेल तर उतारापासून किती मीटरवर? रस्ता असेल तर खचातून दगड उचलले गेलेत का? बफेलग्रास दिसतं का? हे आपल्याकडचं चाऱ्याचं अंजन गवत. सोनोरन वाळवंटात ते परकं आहे आणि जिथे वणवे फारसे लागत नसत तिथे आगीला इंधन पुरवतं. सान झेवियर टॅलसस्नेलला संकटग्रस्त जाहीर करण्याचा प्रस्ताव 1994 मध्ये आला; 1998 मध्ये अधिवास राखण्याचा करार झाल्यावर तो मागे घेतला गेला. करार पाळला जातोय का हे पुढच्या माणसाला ताडता यावं, यासाठी ठराविक जागांवरून एकाच कोनातले फोटो आणि दगडखचाच्या सीमारेषेचा नकाशा जोडा. मात्र जाहीर अहवालात नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका; शंख जमवणारे हौशी लोकही ते वाचतात.